पोपचा नवा किल्ला, तालुका भिवंडी

तेहतीस वर्षे मी ठाण्यातील एका शाळेत भूगोल शिकवला. त्या काळात भूमध्य सागरी हवामानाचा धडा निदान साठ-सत्तर वेळा तरी घेतला असेन. 'उन्हाळा कोरडा, हिवाळा पावसाळी. मुख्य पिके द्राक्षे, ऑलिव्ह व लिंबाच्या जातीची फळे. द्राक्षांपासून मद्य तयार करतात.' या शेवटच्या वाक्याला मागच्या बाकांवर हमखास खसखस पिके आणि मी खडू आपटून घाईघाईने मोसमी हवामानाकडे वळे. ऱ्होन नदी मी आजही फळ्यावर डोळे मिटून काढीन. परंतु ती नदी, तो कोरडा उन्हाळा आणि ते मद्य यांपैकी एकाही गोष्टीचे दर्शन मला नोकरीत असताना घडले नव्हते. ते घडले निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी, गेल्या कोजागिरीच्या पाठोपाठ, आणि तेही कुठे म्हणाल, तर काल्हेरला!

काल्हेर हे नाव मुंबईकर वाचकांनी पाहिले असलेच तर एखाद्या पार्सलाच्या वेष्टनावर. ठाण्याहून कापूरबावडी, बाळकूम असे करीत उल्हासच्या खाडीवरचा कशेळीचा पूल ओलांडला की पलीकडे कशेळी आणि तिला चिकटून काल्हेर. अंतर आठ-नऊ किलोमीटरांचे. मात्र लागणारा वेळ किलोमीटरांत मोजू नये, पुढच्या कंटेनरच्या मर्जीत मोजावा. एका अंगाला मुंबईला पाणी नेणारे अजस्र नळ, डोक्यावर मेट्रोचे खांब आणि दोन्ही बाजूंना गोदामे. गोदामांच्या मागे गोदामे, त्यांच्या मागे पुन्हा गोदामे. फ्रीज, पंखे, पुस्तके, औषधे, बाळांची दुपटी. मुंबईच्या घरात जे जे म्हणून शिरते ते आधी इथे येऊन विसावा घेते. मुंबईची जकात होती तोवर जकातीच्या हद्दीबाहेर माल ठेवण्याची ही सोयीची जागा. त्यात 1989 साली न्हावाशेवा बंदर सुरू झाले. नाशिकचा महामार्ग तर हाकेच्या अंतरावरच. पुढे 2017 मध्ये जी.एस.टी. आला आणि जकात गेली. गोदामे मात्र गेली नाहीत, उलट वाढली.

मी पाहिलेले काल्हेर निराळे होते. माझा एक शाळासोबती तिथला. आगरी शेतकऱ्याचा मुलगा. ठाण्याला मामाकडे राहून शिकत असे आणि शनिवारी दुपारी गावी जाई. दिवाळीच्या सुट्टीत मीही सायकलवर टांग टाकून त्याच्यामागे जाई आणि येताना कॅरिअरवर तांदळाचे एक बोचके बांधून आणी. तो तांदूळ लाल. त्याला म्हणत 'राता'. हे भात खाजणात होते. शहरी वाचकांसाठी सांगायचे तर खाजण म्हणजे खाडीकाठची खारी जमीन. भरतीचे पाणी आत घुसू नये म्हणून तिला मातीचा बांध घालायचा आणि बांधात एक उघाडी ठेवायची. उघाडीची झडप ओहोटीला बाहेरच्या बाजूस उघडते आणि आतले पावसाचे पाणी जाऊ देते. भरती आली की तीच झडप पाण्याच्या दाबाने आपसूक मिटते. आषाढातल्या पावसाने जमिनीचे मीठ धुऊन काढायचे आणि मग भात लावायचे. दुसरे नाजूक भात तिथे तग धरीत नाही. रात्याला खारेपणा सोसतो. दाणा जाडाभरडा, शिजायला वेळ घेणारा. पण त्याच्या पेजेला जी चव असे ती आमच्या घरच्या पांढऱ्याशुभ्र भाताला कधी आली नाही. आजारातून उठलेल्या माणसाला आई मुद्दाम ही पेज द्यायची.

त्या मित्राकडे जाणे पुढे कमी कमी होत गेले. पूल तोच, अंतर तेच. जाणे मात्र राहून गेले. अशा गोष्टींना फारशी कारणे नसतात.

गेल्या वर्षी माझी पुतणी काल्हेरच्या एका गोदामात हिशेबाच्या कामावर लागली. एके दिवशी तिचा दूरध्वनी आला. 'काका, तुमची ऱ्होन नदी आमच्याकडे आली आहे. बघायला येता?' फ्रान्सहून रेड वाईनचा कंटेनर आला होता आणि साहेबांना विचारून तिने माझ्यासाठी परवानगी मिळवली होती. आमच्या सौभाग्यवतींनी 'या वयात काय बघायचं तर म्हणे दारूचं गोदाम!' एवढेच म्हणून माझ्या हातात छत्री दिली. ऑक्टोबरचे ऊन मी म्हणत होते.

बाहेरून ते गोदाम शेजारच्या मोटारीच्या टायरांच्या गोदामासारखेच दिसे. आतला कारभार मात्र वेगळा. ही वखार कस्टमच्या ताब्यातली. परदेशी माल इथे आणून ठेवायचा, पण जोवर तो आहे तोवर आयात शुल्क भरायचे नाही. जेवढ्या पेट्या बाहेर काढाल तेवढ्यांचेच भरायचे. वाईनवरचे हे शुल्क कित्येक वर्षे मूळ किमतीच्या दीडपट होते, हे कळल्यावर या व्यवस्थेचे महत्त्व ध्यानात येईल. नोंदवहीत एकेक बाटली मोजलेली. पुतणी सांगत होती की एक बाटली फुटली तर तिच्या काचाही जपून ठेवाव्या लागतात. हिशेब तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्याला निदान बाटलीचा गळा तरी दाखवावा लागतो!

मधले जाड दार उघडले आणि मी एकदम गारठलो. बाहेर पस्तीस अंश, आत सोळा. वाईन जिवंत चीज असते म्हणे. तिला ऊन लागले की ती बाटलीतच शिजते, बूच वर सरकते आणि फ्रान्समधल्या माणसाची वर्षाची मेहनत मुरंब्यासारखी होऊन बसते. म्हणून ही शीतगृहाची खोली. तिथे लांबलचक मेजाशी आठ-दहा बाया उभ्या होत्या. नऊवारी, पाचवारी, वर पुरुषी स्वेटर, कानाला मफलर. काल्हेरमध्ये ऐन ऑक्टोबरात! त्या एकेक बाटली उचलत, पाठमोरी करत आणि तिच्यावर एक पांढरी चिठ्ठी चिकटवत. चिठ्ठीवर आयात करणाऱ्याचे नाव, गोदामाचा पत्ता, किंमत आणि मद्यपान प्रकृतीस अपायकारक असल्याचा इशारा. एवढे झाल्याखेरीज बाटली दुकानात जात नाही. हात इतके सराईत की चिठ्ठी तिरपी म्हणून नाही. एका प्रौढ बाईने मला पाहिले, मफलर खाली ओढला आणि म्हणाली, 'मास्तर ना तुमी? सायकलीवर येयाचे?' ती माझ्या मित्राची चुलत वहिनी निघाली. 'ही खोली जिथं हाय ना, तिथं आमचा खला होता,' ती म्हणाली आणि पुढच्या बाटलीला हात घातला.

पुतणीने एक बाटली माझ्या हातात दिली. काळपट हिरवी, जड. काचेवरच एक उंच मुकुट आणि खाली एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन किल्ल्या उठवलेल्या. बोटाला लागतात. कागदावर नाव, 'शातोनफ-द्यु-पाप'. म्हणजे पोपचा नवा किल्ला. खाली साल 2019, आणि एका घराण्याचे नाव. त्याच्याही खाली बारीक अक्षरांत तीन-चार शब्द होते. पुतणीने भ्रमणध्वनीचा कॅमेरा त्यांवर धरून अर्थ काढून दाखवला: 'बापाकडून लेकाकडे'. घराण्याचे नाव मी इथे देत नाही. त्यांना बिचाऱ्यांना आपली बाटली काल्हेरला कुणा मास्तराच्या हातात पडली हे ठाऊकही नसेल.

इथे माझ्यातला शिक्षक जागा झाला. घरी येऊन मी आठवडाभर नकाशे आणि पुस्तके उपसली. शातोनफ हे गाव ऱ्होनच्या पूर्व तीरावर, आव्हिन्यों शहराच्या उत्तरेस आहे. चौदाव्या शतकात, 1309 ते 1377 या काळात, पोपची गादी रोमहून आव्हिन्योंला आली होती. त्यांतील बावीसाव्या जॉनने या टेकडीवर उन्हाळी मुक्कामासाठी किल्ला बांधला. त्याचे अवशेष 1944 साली माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उडवून दिले. आता उरली आहे एक भिंत. पोपचे नाव मात्र गावाने अधिकृतपणे घेतले ते थेट 1893 मध्ये. तोवर ते चुन्याच्या भट्ट्यांवरून पडलेल्या नावाने ओळखले जाई. मला हा भाग मोठा गमतीचा वाटला. किल्ला गेला, पोप गेले, आणि मग नाव आले.

जमीन म्हणाल तर काहीच्या बाही. नारळाएवढे, शाळिग्रामासारखे घासून गुळगुळीत झालेले गोटे मैलोन्मैल पसरलेले, आणि त्या गोट्यांतून हातभर उंचीची वेडीवाकडी वेल वर आलेली. मांडव नाही, तार नाही. गोटे ऱ्होननेच कधी काळी आणून टाकलेले. दिवसा ते तापतात आणि रात्री ती ऊब मुळांना देतात. उत्तरेकडून मिस्त्राल नावाचा वारा सुटतो आणि पानांवरची ओल पुसून नेतो. द्राक्ष हातानेच खुडायचे, यंत्राला बंदी. हेक्टरी 35 हेक्टोलिटरपेक्षा जास्त वाईन काढायची नाही. म्हणजे आपल्या हिशेबाने एकराला दोन टनांच्या आसपास द्राक्षे. नाशिकच्या बागाईतदाराला हा आकडा सांगून पाहा, तो तुमच्याकडे दयेने पाहील! ग्रनाश नावाचे द्राक्ष मुख्य. पण तेरा जातींची मिसळ करायला परवानगी आहे, आणि काही घराणी तेराही लावतात.

या नियमांची कथा तर ऐकण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धानंतर कुठल्याही भुरकट मद्यावर शातोनफचे नाव डकवून व्यापारी गब्बर होऊ लागले. तेव्हा गावकरी ल रुआ नावाच्या एका बॅरनकडे गेले. हा गृहस्थ कायद्याचा पदवीधर, युद्धात विमान चालवलेला, आणि लग्नामुळे गावातल्या एका द्राक्षमळ्याचा धनी झालेला. त्याने 1923 पासून नियम बांधले आणि न्यायालयात दहा वर्षे झगडून ते टिकवले. गावाची हद्द कशी ठरवावी? तर जिथे लॅव्हेंडर आणि थाइम ही दोन्ही रानटी झुडपे उगवतात तेवढीच जमीन आत, बाकीची बाहेर. म्हणजे जमीन निकृष्ट असल्याचा दाखला द्यायचा, तेव्हा तिला मान! 1936 साली फ्रेंच सरकारने हे मान्य केले आणि हा वाईनच्या नावाला संरक्षण देणाऱ्या देशव्यापी कायद्याचा पहिल्यापहिल्यांतला दाखला ठरला. त्या वर्षापासून शातोनफ हे नाव सावकाराला विकता येत नाही की व्यापाऱ्याला उचलता येत नाही. ते त्या गोट्यांचे आहे. (याच गावाच्या नगरपालिकेने 1954 मध्ये उडत्या तबकड्यांना आपल्या हद्दीवरून उडायला व उतरायला बंदी घालणारा ठराव केला. तो मोडल्याचे उदाहरण अद्याप नाही.)

घराणी टिकली हे खरे, पण सुखासुखी नव्हे. 1860 नंतरच्या दशकात अमेरिकेतून आलेल्या वेलींबरोबर मुळे खाणारा एक सूक्ष्म किडा आला. फ्रान्समध्ये तो प्रथम दिसला तो शातोनफच्या समोर, ऱ्होनच्या पलतीरावर, रोकमोर गावात. पाहता पाहता साऱ्या देशाचे मळे वाळले. शेवटी उतारा सापडला तो असा की किडा जिथून आला त्याच अमेरिकेच्या रानवेलीचे खुंट लावायचे आणि त्यांवर आपल्या द्राक्षाचे कलम बांधायचे. आपल्या नाशिक-सांगलीकडचे बागाईतदार आज ज्या 'डॉगरिज' खुंटावर कलम करतात तोही अमेरिकन रानवेलच, फक्त आपल्याकडे तो क्षार आणि दुष्काळ सोसतो म्हणून. आणि दुसरी आपत्ती कायद्याची. नेपोलियनच्या 1804 च्या संहितेने सर्व अपत्यांना समान वाटा दिला. न्यायाचीच गोष्ट, पण बर्गंडीतल्या क्लो द वुजो या पन्नास हेक्टरांच्या एका कुंपणात आज ऐंशीच्या आसपास मालक आहेत. कुणाकडे चार ओळी, कुणाकडे सहा.

हे सगळे मित्राला कधी सांगतो असे मला झाले होते. त्या दिवशी गोदामातून निघताना वहिनीबाईंनी 'घरी गेल्याबिगर जाऊ नका' असे बजावले होतेच. तेव्हा माझा धीर झाला नाही. मी परत आलो. परंतु पुढच्या रविवारी पुतणीला घेऊन गेलो. तिने ठाण्याच्या दुकानातून रीतसर पावती आणि एका दिवसाचे परवाने घेऊन तीच वाईन विकत आणली होती. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याने पिणाऱ्याला परवाना लागतो, हे पिणारे बहुधा विसरतात. निवृत्त शिक्षक विसरत नाही. किंमत मी घरी सांगितलेली नाही.

मित्राचे घर आता तीन मजली. खाली संगमरवर. तो स्वतः मात्र ओटीवर, उघड्या अंगाने, गुडघ्याला तेल चोळीत बसला होता. मला पाहून तो उठला नाही, हसला नाही. 'बस,' म्हणाला. 'चोवीस वर्सा झाली.' त्याने मोजली होती. मी मोजली नव्हती.

चहा झाला, गुडघे झाले, मुले-नातवंडे झाली. मग मी बाटली काढली. बूच पुतणीने उघडले. मित्राने आधी वास घेतला. 'पहिले तिवरांत भट्ट्या लागायच्या, दारूबंदीचे टायमाला, तो वास डोक्यात जाई. हा नाय जात,' एवढी पसंती देऊन त्याने स्टीलच्या पेल्यातून घोट घेतला. मीही घेतला. प्रामाणिकपणे सांगतो, पहिला घोट मला आवडला नाही. गोडी नावालाही नाही. जांभळाचा तुरटपणा, त्यामागे सुक्या आमसुलासारखे काहीतरी, आणि घशाखाली उतरल्यावर मिरीची ऊब. दुसऱ्या घोटाला जरा ओळख पटली. तिसरा मी घेतला नाही; वय झाले. मित्राने मात्र पेला संपवला आणि म्हणाला, 'जमिनीचा लागते.' मी विचारले, म्हणजे कसे? तो म्हणाला, 'राता कसा जमिनीचा लागायचा? तसा.'

मग मी माझा धडा घेतला. गोटे, मिस्त्राल, बॅरन, किडा, नेपोलियन, सगळे. तो मन लावून ऐकत होता. वाटण्यांची गोष्ट आल्यावर तो आत गेला आणि एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. तिच्यात सातबाराचा उतारा होता. पणजोबांच्या एका नावाखाली एकतीस नावे. त्यातली काही माणसे वारलेली, काही लग्न होऊन गेलेल्या लेकी, एक कुवेतला. 'तुझा नेपोलियन इथं बी येऊन गेला,' तो म्हणाला. उताऱ्याखाली आणखी एक कागद होता. भाडेपट्ट्याचा करार. काल्हेरात त्याच्या वाट्याची तीन खाचरे उरली होती; दोन वरकस, एक खाजण. त्यात भराव घालून गोदाम उभे करायचे असे मुलांनी ठरवले होते. दिवाळीनंतर सही. करार इंग्रजीत होता आणि मी येणार हे वहिनीकडून कळल्यापासून त्याने तो माझ्यासाठी राखून ठेवला होता.

मी वाचला. वाचून मराठीत सांगितला. व्यवहार वाईट नव्हता, हे मला सांगितलेच पाहिजे. महिन्याचे भाडे माझ्या निवृत्तिवेतनाच्या कितीतरी पट. मुलांचे चुकत होते असेही मला म्हणवत नाही. खाजणाचा बांध एकट्याने राखता येत नाही. तो साऱ्या गावाने मिळून राखायचा असतो. आजूबाजूला भराव पडले की पाण्याच्या वाटा बुजतात, उघाडी गाळाने भरते, आणि मधल्या एका खाचरात पाणी सडत उभे राहते. 'तुझे फ्रान्समंदी शेजारी बी तेच पीक करतान,' तो म्हणाला. 'माझे शेजारी टायर करतान.' यावर माझ्या भूगोलात उत्तर नव्हते.

करारातल्या परिशिष्टात जमिनीचे वर्णन होते. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, चतुःसीमा. मी ते वाचत असताना तो मध्येच थांबवून म्हणाला, 'नाव नाय टाकलान?' कसले नाव? तर खाचरांची नावे. प्रत्येकाला नाव होते. एक आंब्याखालचे, एक खडकाळी, आणि खाजणाचे 'मोठी उघाडी'. ही नावे सातबारावर नाहीत, नकाशावर नाहीत. माझ्या मित्राच्या आणि त्याच्या पिढीच्या दहा-बारा माणसांच्या तोंडी आहेत. मुलांना गाळा नंबरांनी कळते. त्याने मला विचारले, 'तिथं फ्रान्सला बी खाचरांना नावा असतान?' मी म्हटले, असतात, बाटलीवर छापतात. त्यावर तो बराच वेळ बोलला नाही.

मी मात्र बोलत सुटलो. त्याला सांगितले की या खाडीने याहून जुनी वाईन पाहिली आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक खलाशाच्या पुस्तकात कल्याण बंदराचे नाव आहे आणि भडोचला इटलीची द्राक्षमद्ये उतरत असत असेही त्यात लिहिले आहे. तशा मद्याच्या उभट रांजणांचे तुकडे घारापुरीला आणि नेवाशाला सापडले आहेत. वसईच्या तोंडाने कल्याणला जाणारे गलबत काल्हेरसमोरूनच जाणार. पलीकडच्या अंजूरच्या गंगाजी नाईकांनी चिमाजी अप्पांना वसईच्या मोहिमेत साथ दिली, तेव्हा पोर्तुगीजांची पिंपे याच पाण्यावरून ये-जा करीत असतील. तो म्हणाला, 'म्हंजे तवापासून आमचे इथून माल जातेच.' मी म्हटले, हो. 'आनि काल्हेरचा काय जाते?' मी गप्प बसलो. शेजारच्या वाड्याच्या कोलमला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, नाशिक खोऱ्यातल्या वाईनलाही मिळाले आहे, हे मला सांगता आले असते. पण राता पिकवणारे काल्हेरात किती उरले, हे त्याला माझ्याहून चांगले ठाऊक होते.

पुतणीने रिकामी बाटली उचलली तेव्हा त्याने ती मागून घेतली. आधी पुढून पाहिली. मुकुटावर, किल्ल्यांवर अंगठा फिरवला. मग उलटी केली. मागच्या पांढऱ्या चिठ्ठीवर आयातदाराच्या नावाखाली बारीक अक्षरांत पत्ता होता: काल्हेर, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे. त्याने चष्मा मागवला आणि तेवढीच ओळ दोनदा वाचली. 'वहिनीनी चिकटवली आसल,' तो म्हणाला. मग पुतणीकडे वळून, 'पोरी, असल्या चार-दोन चिठ्ठ्या मिलतील काय?' पुतणी ओशाळली. म्हणाली, 'काका, एकेक चिठ्ठी मोजून घ्यावी लागते. वाया गेलेलीसुद्धा परत द्यावी लागते.' त्याने मान हलवली. मोजमापाचा माणूस, त्याला पटले.

निघताना त्याने मला खाजणावर नेले. दोन गोदामांच्या भिंतींमधून एक चिंचोळी वाट आणि तिच्या टोकाला एकदम उघडे आकाश. भात पिवळे पडून एका अंगाला लवले होते. पलीकडे तिवरे, त्यांच्या पलीकडे खाडी, आणि खाडीपार ठाण्याच्या पंचवीस-तीस मजली इमारती. त्याने एक लोंबी ओढून तळहातावर चोळली आणि फुंकर मारून माझ्यासमोर धरली. दाणे लाल. 'या वर्साचा निघाला बग,' म्हणाला. सहीबद्दल त्याने काही सांगितले नाही, मीही विचारले नाही.

दिवाळीनंतर आठवड्याने पुतणी घरी आली ती हातात एक खोका घेऊन. खोका वाईनचा, वर मुकुट आणि किल्ल्या छापलेल्या. आमच्या सौभाग्यवतींनी तो उंबऱ्यातच अडवला. आत जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेला पाच-सहा किलो राता होता. गाठीत वहीचा एक कागद खोवलेला. माझ्या मित्राचे अक्षर शाळेत वाईट होते, ते अजून सुधारलेले नाही. त्यावर लिहिले होते: 'राता. मोठी उघाडी. काल्हेर.' आणि खाली साल.

पुतणीने सांगितले की वरच्या दोन खाचरांवर सही झाली. खाजणाचे पुढल्या वर्षी बघू म्हणाले.

तांदूळ रात्रभर भिजत घालायला हवा होता, ते आम्ही विसरलो. कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या तरी दाणा टणकच होता. मग आणखी चार दिल्या.